दोनाचे चार हात हे औषध नव्हे

“मुलगा लग्नाला तयार होत नाही? अहो, एकदा दोनाचे चार हात करून टाका, गाडी आपोआप रुळावर येईल!” हळदीकुंकवाला, भिशीला हे वाक्य आपण किती वेळा ऐकतो! खरं सांगायचं तर मीही ते म्हटलेलं आहे. पण अमेरिकेतल्या एका खेळाडूची हकीकत वाचली आणि आता ते तोंडातून निघत नाही.

मैत्रिणींनो, त्यासाठी थोडं मागे जायला हवं. आपल्याकडे क्रिकेट, तसं तिकडे बेसबॉल. त्यातल्या मोठ्या संघांत काळ्या खेळाडूंना कित्येक वर्षं मज्जाव होता. १५ एप्रिल १९४७ रोजी ब्रुकलिनच्या डॉजर्स संघातून जॅकी रॉबिन्सन मैदानात उतरले. शिव्या खाल्ल्या, धमक्या सोसल्या, पण खेळले. मार्टिन ल्यूथर किंग यांचं नाव गाजण्याच्याही आधीची ही गोष्ट. आज दरवर्षी १५ एप्रिलला सगळे खेळाडू रॉबिन्सन यांचा ४२ नंबर अंगावर घालतात.

हाच संघ पुढे लॉस एंजलिसला गेला. तिथे १९७६ साली ग्लेन बर्क आले. तेही काळेच. १९७७ मध्ये सोबत्याने मोठा फटका मारला, तेव्हा बर्क यांनी हात उंच धरून त्याच्याशी टाळी घेतली. आपली मुलं देतात ना, ती ‘हाय फाइव्ह’ इथूनच सुरू झाली असं मानतात.

पण बर्क समलिंगी होते आणि संघात कुजबुज होती. त्यांनीच पुढे सांगितलं, की व्यवस्थापकांनी त्यांना लग्न करायला सुचवलं, मधुचंद्राचा खर्चही देऊ केला. म्हणजे आपलंच औषध की! बर्क यांनी ते घेतलं नाही. १९७८ मध्ये त्यांची दुसऱ्या संघात रवानगी झाली आणि १९७९ नंतर त्यांचा मोठ्या संघांतला खेळच संपला. १९९५ मध्ये एड्सने ते गेले.

दोन दुःखं एका तराजूत घालू नयेत. गुलामगिरीचा इतिहास वेगळाच. रॉबिन्सन यांचा रंग लपणारा नव्हता. बर्क यांचं लपण्यासारखं होतं, म्हणून ‘लपव’ असं सुचवलं गेलं. पण खेळ पाहायचा की आणखी काही, हा प्रश्न दोघांच्याही बाबतीत तोच, नाही का?

पुढे २०१३ मध्ये बास्केटबॉलपटू जेसन कॉलिन्स यांनी आपण समलिंगी असल्याचं जाहीर लिहिलं आणि २०१४ मध्ये ब्रुकलिनच्याच नेट्स संघातून ते खेळलेही. त्यांचंही पूर्वी एका मुलीशी लग्न ठरलं होतं. २००९ मध्ये ते मोडलं. खरं कारण तिला कळलं ते २०१३ मध्ये. चार वर्षं तिने काय काय मनाला लावून घेतलं असेल! आणि लग्न झालंच असतं तर?

आपल्याकडे समलिंगी संबंध हा गुन्हा नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं. पण मुलगा ‘मला लग्न नको’ म्हणाला, तर मुलींचे फोटो मागवायची घाई कोर्ट थांबवणार नाही. ती आपणच थांबवायची. त्याला जवळ बसवा, शांतपणे विचारा, आणि तो सांगेल ते ऐकून घ्या. कारण ते दुसरे दोन हात कुणाच्या तरी लेकीचे असतात, बरं का!