परड्यातील कोंबडीचे खाणे

कोंबडीस काय घालावे, असा प्रश्न तोंडवलीत कोणी विचारला, तर बहुधा त्यास हसूनच उत्तर मिळेल, "तिका वेगळा काय घालूक व्हया? ती आपणच चरता!" हे उत्तर निम्मे खरे आहे. माडाखालचा पाचोळा उकरून किडे, अळ्या व कोवळे गवत वेचणारी कोंबडी आपले बरेचसे पोषण स्वतःच मिळविते, यात शंका नाही. परंतु उरलेले निम्मे उत्तर चुकीचे असल्यामुळेच कित्येक घरी तलंगा वेळेवर अंड्यावर येत नाहीत, अंडी पातळ कवचाची निघतात आणि पिलांच्या पायांत बळ राहत नाही. सायंकाळी खुराड्यापुढे जी मूठ आपण टाकतो, ती कशाची असावी, एवढ्याच गोष्टीचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

बहुतेक घरी ती मूठ पांढऱ्या तांदळाची असते. आता या तांदळासंबंधाने जी एक मोठी शास्त्रीय गोष्ट जगास कळली, ती कोंबड्यांमुळेच कळली, हे आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल. इ. स. १८९० च्या सुमारास जावा बेटावरील बटाव्हिया शहरी, म्हणजे आजच्या जकार्ता येथे, ख्रिस्तियान आइकमान नावाचे डच वैद्य बेरीबेरी या रोगाचा शोध करीत होते. त्यांच्या प्रयोगशाळेतील कोंबड्या एकाएकी लंगडू लागल्या, त्यांच्या माना वळल्या व त्या पडू लागल्या. काही काळाने त्या आपोआप बऱ्याही झाल्या! चौकशीअंती असे दिसले की, मधल्या काळात त्यांस लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातील पांढऱ्या तांदळाचा भात घालीत असत. पुढे नवा आचारी आला आणि लष्कराचा तांदूळ कोंबड्यांना देण्यास त्याने नकार दिला, म्हणून त्यांस पुन्हा असडी तांदूळ मिळू लागला. तांदळातच काही विष असावे, असे आइकमान यांस प्रथम वाटले. त्यांचे सहकारी खेरिट ग्राइन्स यांनी १९०१ साली खरे कारण सांगितले: दोष पांढऱ्या तांदळात जे आहे त्याचा नव्हे, तर सडताना त्यातून जे निघून जाते त्याचा. कोंड्यातील त्या द्रव्यास आज आपण थायमिन अथवा ब-१ जीवनसत्त्व म्हणतो. आइकमान यांस १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आचाऱ्यास काही मिळाल्याचे ऐकिवात नाही.

आपल्याकडील उकडा तांदूळ या बाबतीत पुष्कळ बरा. कारण भात उकडताना हे जीवनसत्त्व सालीतून दाण्यात उतरते. पेजेतील शिते कोंबडीस घालणाऱ्या आमच्या आज्या शास्त्र न शिकताही शहाण्या होत्या. तथापि तांदूळ उकडा असो की सुरय, केवळ त्यावर कोंबडी अंडे घालू शकत नाही. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाण्यात शंभरांत सोळा-सतरा भाग प्रथिने असावी लागतात. तांदळात ती सातआठच असतात. लहान पिलांस तर वीस भाग लागतात.

ही उणीव भरून काढण्यास आपला किनारा फार सोयीचा आहे. गावाच्या एका अंगास समुद्र व दुसऱ्या अंगास खाडी. रापण ओढल्यावर वाळूत राहिलेली बारीक मासळी धुऊन कडक वाळवली व कुटून ठेवली, तर बाजारच्या महागड्या खाद्याची बरोबरी करील. मात्र ती बिनमिठाची हवी. खारवलेल्या बांगड्याची डोकी कोंबडीस घालण्याची चाल आम्ही पाहिली आहे, ती घातक आहे. अति मिठाने कोंबडीस पातळ हगवण लागते, आणि पाणी अपुरे असेल तर ती मरतेही. मासळीचे प्रमाणही दहांत एका भागावर जाऊ देऊ नये, नाही तर अंड्यास वास येतो व गिऱ्हाईक परत येत नाही.

तिसऱ्यांची शिंपले आपण उकिरड्यावर टाकतो. एका अंड्याच्या कवचास सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम लागते. ते खाण्यातून न मिळाले, तर कोंबडी स्वतःच्या हाडांतून काढते. म्हणून शिंपले उन्हात वाळवून, ज्वारीच्या दाण्याएवढी कुटून, वेगळ्या करवंटीत ठेवावी. कोंबडी लागेल तेवढीच खाते. अंड्यावर न आलेल्या तलंगांस व पिलांस ती देऊ नये. जादा कॅल्शियमने त्यांची मूत्रपिंडे बिघडतात.

कोंड्यासंबंधाने एक सावधगिरी. कोंडा निराळा व तूस निराळे. साध्या गिरणीत दोन्ही एकत्र दळून येतात, आणि तुसात पोषण जवळजवळ नसते. म्हणून चाळून घ्यावा. कोंड्यात तेल असल्याने तो थोड्याच आठवड्यांत खवट होतो, सबब साठा करू नये.

पावसाळ्याविषयी आम्हांस अधिक लिहावेसे वाटते, कारण त्याची किंमत आम्ही मोजलेली आहे. एके वर्षी आमच्या घरी शेंगदाण्याची पेंड मांगरात पोत्यात राहिली होती. श्रावणात पाहतो तो तिला हिरवट बुरशी! फेकून देणे जिवावर आले. वरचा थर काढून उरलेली पिलांस घातली. बारांपैकी आठ पिले गेली. पुढे वाचनात आले की, १९६० साली इंग्लंडात एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अशाच बुरशी लागलेल्या, ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीने मेले होते. त्या विषास पुढे अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. ते डोळ्यांस दिसत नाही आणि शिजवल्याने जात नाही. पावसाळ्यात पेंड आठ दिवसांपुरतीच आणावी आणि डब्यात झाकून ठेवावी.

मिश्रण पुढीलप्रमाणे करता येईल: कणी, नाचणी किंवा भरडलेला मका साडेपाच भाग, चाळलेला कोंडा दोन, खोबऱ्याची पेंड दीड, बिनमिठाची सुकी मासळी एक. मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीस सायंकाळी यातले तीस-चाळीस ग्रॅम पुरे. कोंडून ठेवलेलीस दिवसाला शंभर ते एकशेवीस ग्रॅम लागतात. शेवग्याचा पाला जोडीस द्यावा. बलक पिवळाधमक होतो तो अशा पाल्याने व पिवळ्या मक्याने. कवचाच्या रंगाशी त्याचा काही संबंध नाही, जरी बाजारात तांबडे कवच पाहूनच लोक "गावठी" म्हणून चार पैसे जास्त देतात. पिलांस वारुळाचे ढेकूळ फोडून वाळवी घालण्याची जुनी रीत उत्तम आहे. मानमोडीपासून मात्र कोणतेही खाणे वाचवीत नाही. त्यास वेळेवर लसच टोचावी लागते.

मूठ पुरेशी झाली की नाही, हे ओळखण्यास तराजू नको. रात्री खुराडे लावताना एकेका कोंबडीच्या गळ्याखालची पिशवी बोटांनी चाचपावी. ती भरलेली व मऊ लागली तर ठीक. रिकामी लागली तर दुसऱ्या दिवशी मूठ थोडी मोठी करावी. हे काम घरातील मुलांनी करावे, त्यांची बोटे लहान असतात व कोंबड्या त्यांस कमी बुजतात.