चष्म्यातला कॅमेरा आणि आपली जबाबदारी



आजवर फोटो काढणारा माणूस ओळखू येत असे. तो कॅमेरा किंवा मोबाईल वर धरी आणि समोरच्याला कळे की आपला फोटो निघतो आहे. नको असेल तर तो तोंड फिरवी किंवा "काढू नका" असे सांगे. आता साध्या दिसणाऱ्या चष्म्यातच कॅमेरा आला आहे. हात वर करावा लागत नाही, त्यामुळे समोरच्याला नाही म्हणण्याची संधीच मिळत नाही.

ही कल्पना तशी जुनी आहे. गूगल कंपनीने २०१३ साली 'गूगल ग्लास' निवडक ग्राहकांना १५०० डॉलरला दिला. अमेरिकेतील काही उपाहारगृहांनी तो घालून येण्यास मनाई केली आणि जानेवारी २०१५ मध्ये सामान्य ग्राहकांसाठी त्याची विक्री थांबली. तो दुरून ओळखू येई. २०२१ साली मात्र रे-बॅन आणि फेसबुक (आताची मेटा) यांनी नेहमीच्या गॉगलसारखाच चष्मा आणला. त्याची सुधारित आवृत्ती मे २०२५ मध्ये भारतात आली, तेव्हा किंमत २९,९०० रुपयांपासून होती.

चित्रण चालू असताना या चष्म्यावर एक लहान पांढरा दिवा लागतो. एवढ्याशा दिव्याने लोकांना खरेच कळते का, असा प्रश्न आयर्लंड आणि इटलीच्या नियामकांनी २०२१ सालीच विचारला होता. पुढे दिवा मोठा केला गेला आणि तो झाकल्यास चित्रण होऊ नये अशी सोय झाली. तरी त्या दिव्याचा अर्थ ज्याला ठाऊक आहे, त्यालाच ही सूचना कळते. आपल्या इंदूरच्या सराफ्यात रात्री भुट्ट्याचा कीस खाणाऱ्या गर्दीत किती जणांचे लक्ष तिकडे जाईल?

प्रश्न नुसत्या फोटोचाही नाही. २०२४ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांनी अशा चष्म्यातील चित्र चेहरा शोधणाऱ्या संकेतस्थळाशी जोडले आणि अनोळखी माणसाचे नाव, पत्ता कसा काढता येतो हे दाखवले. लोकांना सावध करणे हा त्यांचा हेतू होता.

या चष्म्याचा उपयोगही आहे. दृष्टिहीन व्यक्तीला तो समोरची पाटी वाचून दाखवतो. म्हणून वस्तूला दोष देऊन भागणार नाही. ती कुठे आणि कशी वापरावी, हे ठरवावे लागेल.

कायदा काय म्हणतो? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा एकमताने निर्णय दिला. कोणाचे खाजगी क्षण चोरून टिपणे हा गुन्हा आहेच. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. परंतु एखाद्याने केवळ स्वतःच्या वा घरगुती कामासाठी केलेल्या वापराला तो कायदा लागू होत नाही. म्हणजे स्नेहसंमेलनात पालकांनी घरी पाहण्यासाठी केलेले चित्रण बहुधा त्याच्या कक्षेबाहेर राहते. त्या चित्रणात आपल्या एका मुलाबरोबर इतरांची तीस मुले असतात, हे आपणच लक्षात ठेवायचे आहे.

यासाठी माझी तीन गोष्टींची विनंती आहे. विद्यार्थ्यांनी कॅमेऱ्याचा चष्मा शाळेत आणू नये. ज्यांचा नंबरचा चष्माच तसा आहे, अशा पालकांनी आवारात येताना कॅमेरा बंद ठेवून कार्यालयात तसे सांगावे. इतरांच्या मुलांचे फोटो त्यांच्या आईवडिलांना विचारल्याशिवाय कोणत्याही ग्रुपवर पाठवू नयेत. विश्वस्त मंडळाने याचा विचार करून लेखी नियम करावा, असा प्रस्ताव मी पुढील सभेत ठेवणार आहे.

कोणाच्या घरात शिरताना आपण दार वाजवतो. कोणाचा चेहरा टिपतानाही आधी विचारावे, एवढेच.

– मुख्याध्यापक