लॅपटॉप घेऊन प्रवासाला निघताय? बॅगेत काय हवे, काय नको? खरेदीआधी कोणते आकडे पाहावेत?

भोर तालुक्यातील वरवे बुद्रुक हे पुणे-सातारा महामार्गालगतचे गाव. इथून सकाळी पुण्यातील कार्यालयाकडे निघालेल्या नोकरदाराला खेड शिवापूरचा टोलनाका आणि कात्रजचा नवा बोगदा ओलांडावा लागतो. वाटेत कोंडी झाली, की ऑनलाइन बैठक गाडीतूनच सुरू होते. त्यात आदल्या रात्री वीज गेली असेल, तर लॅपटॉपची बॅटरी आधीच निम्म्यावर आलेली असते. अशा वेळी उपयोगी पडावी म्हणून पॉवर बँक घेतली जाते. पण ती फक्त मोबाइल चार्ज करणारी निघाली, तर पैसे वाया जातात आणि कामही अडते. हे टाळण्यासाठी काय पाहायचे?

लॅपटॉपला किती वॅट लागतात?

लॅपटॉपच्या मूळ चार्जरवर ‘आउटपुट’ या शब्दापुढे व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले असतात. दोन्हींचा गुणाकार म्हणजे वॅट. उदाहरणार्थ, २० व्होल्ट आणि ३.२५ अँपिअर म्हणजे ६५ वॅट. नवा चार्जर किमान तेवढ्या क्षमतेचा हवा. त्याआधी लॅपटॉप ‘टाइप-सी’ पोर्टमधून चार्ज होतो का, हे माहितीपुस्तिकेत पाहावे. काही लॅपटॉपमध्ये हे पोर्ट फक्त डेटासाठी असते.

एकाच चार्जरवर भागते का?

भागते. ‘पॉवर डिलिव्हरी’ म्हणजेच पीडी तंत्र असलेला चार्जर जोडलेल्या उपकरणाच्या गरजेनुसार व्होल्टेज देतो. त्यामुळे ६५ वॅटचा एक चार्जर लॅपटॉप आणि मोबाइल दोन्हींना चालतो. ‘गॅन’ प्रकारचे चार्जर आकाराने लहान असतात. मात्र, दोन उपकरणे एकदम लावली की वॅट विभागले जातात. ही विभागणी खोक्यावर छापलेली असते, ती वाचावी.

केबल कोणतीही चालते का?

नाही. साधी टाइप-सी केबल ३ अँपिअरपर्यंत, म्हणजे २० व्होल्टला ६० वॅटच वाहून नेते. त्यापुढे ५ अँपिअरची केबल लागते. चार्जर महागडा आणि केबल जुनी असेल, तर लॅपटॉप सावकाश चार्ज होतो आणि दोष चार्जरला दिला जातो.

पॉवर बँक किती मोठी घ्यावी?

इथे दोन आकडे महत्त्वाचे. पहिला वॅटचा. मोबाइलसाठीच्या १० किंवा २२.५ वॅटच्या पॉवर बँकवर बहुतेक लॅपटॉप चार्जच होत नाहीत. किमान ४५ ते ६५ वॅट हवेत. दुसरा वॅट-तासाचा. मिलीअँपिअर-तासाला ३.७ व्होल्टने गुणून १००० ने भागले, की वॅट-तास मिळतात. २०,००० मिलीअँपिअर-तासाची पॉवर बँक म्हणजे ७४ वॅट-तास. चार्जिंगमध्ये काही ऊर्जा वाया जाते, हे धरूनही ५० वॅट-तासांची लॅपटॉप बॅटरी त्यातून साधारण एकदा भरते.

विमानात काय चालते?

पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवावी लागते. चेक-इन सामानात ती चालत नाही. १०० वॅट-तासांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. १०० ते १६० वॅट-तासांसाठी विमान कंपनीची मंजुरी हवी आणि त्यापुढे मनाई. म्हणजे ५०,००० मिलीअँपिअर-तासाची पॉवर बँक घेतली, तर ती विमानतळावरच सोडावी लागेल. दक्षिण कोरियात २८ जानेवारी २०२५ रोजी एअर बुसानच्या विमानाला आग लागली. ती पॉवर बँकमुळे लागली असावी, अशी शक्यता तपासात पुढे आली. एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून विमानात पॉवर बँक वापरण्यास बंदी घातली. त्यामुळे तिकीट काढतानाच कंपनीचा नियम पाहावा.

रेल्वेत आणि परदेशात?

रेल्वेच्या काही डब्यांत ११० व्होल्टचा पुरवठा असतो. चार्जरवर ‘१००-२४० व्होल्ट’ लिहिले असेल, तर काळजी नाही. मात्र, रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेत चार्जिंग पॉइंट बंद ठेवण्याचा निर्णय पश्चिम रेल्वेने मार्च २०२१ मध्ये घेतला होता. रात्रीच्या गाडीत सॉकेटच्या भरवशावर राहू नये. परदेशातही हाच चार्जर चालतो. फक्त पिन बदलणारा अडॅप्टर लागतो. तो व्होल्टेज बदलत नाही, हे लक्षात ठेवावे.

हब, स्टँड, डोंगल घ्यावे का?

प्रोजेक्टरवर सादरीकरण करायचे असेल, तर एचडीएमआय असलेला हब उपयोगी. त्यासाठी लॅपटॉपच्या टाइप-सी पोर्टमधून व्हिडिओ बाहेर जातो का, हे आधी तपासावे. स्टँड मुक्कामाच्या ठिकाणी कामाचा. गाडीत नुसते ओझे. इंटरनेटसाठी वेगळे डोंगल घेण्याआधी मोबाइल केबलने जोडून पाहावा. वरंधा घाटासारख्या भागात मात्र नेटवर्कचा भरवसा नाही, म्हणून फाइल आधीच उतरवून ठेवाव्यात.

सगळ्यात आधी काय घ्यावे?

भोर-वेल्ह्याच्या पावसात दुचाकीने फिरणाऱ्यांनी आधी बॅगेचे रेनकव्हर आणि आत जाड स्लीव्ह घ्यावी. एक पावसाळी सर बाकी सगळ्या खरेदीपेक्षा महाग पडू शकते. त्यानंतर चार्जर, योग्य केबल आणि शेवटी पॉवर बँक. चार्जर आणि पॉवर बँकेवर बीआयएसचे चिन्ह व ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तो दुकानात उभ्या उभ्या तपासता येतो. क्रमांक जुळला नाही, तर किंमत कितीही कमी असली तरी ती वस्तू घेऊ नये.