भारतातील कोळंबी संवर्धन

भारतातील कोळंबी संवर्धन हा मुख्यतः किनारपट्टीवरील निमखाऱ्या पाण्याच्या तळ्यांत चालणारा निर्यातप्रधान व्यवसाय आहे. आंध्र प्रदेश हे त्यातील अग्रेसर राज्य असून पश्चिम बंगाल, ओडिशा, तमिळनाडू, गुजरात व महाराष्ट्र येथेही तो केला जातो.

इतिहास

बंगालमधील भेरी, केरळमधील पोक्कळी भातखाचरे व गोव्यातील खाजण जमिनी येथे भरतीबरोबर आत येणारी कोळंबी अडवून वाढविण्याची पद्धत जुनी आहे. १९९० च्या दशकाच्या आरंभी टायगर कोळंबीची व्यापारी शेती वेगाने पसरली. मात्र १९९४-९५ च्या सुमारास पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणुजन्य रोगाने तिचे मोठे नुकसान केले. ११ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणाच्या हानीची दखल घेऊन किनारी नियमन क्षेत्रातील व्यापारी कोळंबी तळी हटविण्याचा आदेश दिला. त्यानंतर २००५ मध्ये किनारी जलसंवर्धन प्राधिकरण कायदा संमत झाला. २००९ मध्ये मूळच्या अमेरिका खंडांच्या प्रशांत किनाऱ्यावरील व्हेनामी कोळंबीच्या संवर्धनास परवानगी मिळाली. ही जात दाटीत वाढू शकते व तिचे रोगमुक्त बीज उपलब्ध होते. त्यामुळे तिने टायगर कोळंबीची जागा घेतली.

आर्थिक महत्त्व

२०२३-२४ मध्ये भारताने १७,८१,६०२ टन सागरी उत्पादने निर्यात केली; त्यांचे मूल्य ६०,५२३.८९ कोटी रुपये होते. त्यात गोठविलेल्या कोळंबीचा वाटा वजनाने सुमारे ४० टक्के, तर मूल्याने सुमारे ६६ टक्के होता. या कोळंबीपैकी बहुतांश शेततळ्यांतील असते. बीजकेंद्रे, खाद्यनिर्मिती, बर्फ कारखाने, शीतगृहे व वाहतूक हे उद्योगही या व्यवसायावर अवलंबून आहेत. प्रक्रिया केंद्रांत कोळंबी सोलण्याचे काम प्रामुख्याने स्त्रिया करतात.

समस्या

उत्पादनखर्चाचा सर्वांत मोठा भाग खाद्यावर जातो. एका रोगाने तळ्यातील संपूर्ण पीक काही दिवसांत नष्ट होऊ शकते. खारे पाणी झिरपल्याने शेजारची भातशेती व विहिरी बिघडतात. ही हानी तळेमालकाच्या जमाखर्चात दिसत नाही. बाजारभावावर शेतकऱ्याचे नियंत्रण नसते. २०२२-२३ च्या तुलनेत २०२३-२४ मध्ये गोठविलेल्या कोळंबीची निर्यात वजनाने किंचित वाढली, परंतु तिचे मूल्य ५४८ कोटी डॉलरवरून ४८८ कोटी डॉलरपर्यंत घटले. अमेरिका हा सर्वांत मोठा ग्राहक असल्याने ऑगस्ट २०२५ मध्ये त्या देशाने भारतीय मालावरील आयातशुल्क वाढविले, तेव्हा या एकाच बाजारपेठेवरील अवलंबित्वाचा धोका स्पष्ट झाला.