उत्तर सगळ्यांसमोर द्यावे लागते तेव्हा

रत्नागिरी जिल्ह्यात वाडी एका डोंगरावर आणि आरोग्य उपकेंद्र दुसऱ्या, हे चित्र नवे नाही. डोंगराळ भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र हा निकष. तो कागदावर पुरा झाला, तरी पऱ्या भरल्यावर तिथवर जायचे कसे, हे वाडीतल्या माणसालाच ठाऊक.

त्याचे ऐकून घेण्याची एक रीत महाराष्ट्रात रुजली. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००७ पासून पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत 'लोकाधारित देखरेख' सुरू झाली. समन्वय पुण्याच्या 'साथी' संस्थेकडे. गावकरी माहिती गोळा करून दवाखान्याचे प्रगतिपुस्तक हिरव्या, पिवळ्या, लाल रंगांत भरत आणि जनसुनवाईत मांडत. औषध बाहेरून का आणायला लावले? डॉक्टर मुक्कामी का नसतात? अधिकाऱ्यांना तिथेच, चारचौघांत उत्तर द्यावे लागे. सगळी ताकद त्यातच.

अमेरिकेतही २००३च्या कायद्याने नागरिकांचा एक गट नेमला. देशभर लोकांची मते ऐकून २००६ मध्ये त्याने सुचवले, की सर्वांना परवडणारी आरोग्यसेवा कायद्यानेच ठरवून द्यावी. पण ते मानण्याचे बंधन कुणावरच नव्हते.

रत्नागिरी त्या पहिल्या पाचांत नव्हता. तरी ग्रामसभा आहे, गावची आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीही आहे. समितीची बैठक शेवटची कधी झाली, निधी कशावर खर्चला, हे ग्रामसभेत विचारता येते. आणि पावसाळ्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचू-सर्पदंशावरच्या औषधांचा साठा किती आहे, हेही.