गारव्याची पाळी

दुपारचे साडेतीन. रिसोडहून वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्यावर चिटपाखरू नाही. मामांच्या घरात मात्र माणसांची दाटी आहे. मामेबहीण माहेरी आलीय, तिचं दोन महिन्यांचं बाळ मधल्या खोलीत निजलंय. समोरच्या खोलीत मामा आणि पाहुणे, मागच्या खोलीत आजी. दीड-दीड टनाचे दोन एसी, आजीजवळ कूलर, स्वयंपाकघरात फ्रीज. एवढ्यांना मीटर एकच, तेही सिंगल फेजचं.

मधला एसी चालूच आहे. मामा समोरचा लावतात. त्याचा कॉम्प्रेसर घुमतो, अडतो, पुन्हा घुमतो. पंखे मंदावतात आणि खट्‌कन सगळं घर गप्प होतं. शेजारच्या कूलरची घरघर ऐकू येतेय, म्हणजे लाईट गेलेली नाही. आपलीच एमसीबी पडलीय. सकाळपासून चौथ्यांदा. बाळ रडायला लागतं.

डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला वायरमन येतो. मेन बंद करतो, टेस्टर लावून खात्री करतो, मगच बोर्ड उघडतो. जळकट वास येतो. न्यूट्रलच्या स्क्रूपाशी वायरचं काळं वेष्टण तपकिरी झालंय. नखानं खरवडताच त्याचा पापुद्रा निघतो.

"हे पाहा काका. स्क्रू ढिला होता, म्हणून इथंच तापून राह्यलं."

तो करपलेला तुकडा कापतो, आतलं चकचकीत तांबं मोकळं करतो, स्क्रू घट्ट पिळतो. मेन चालू झाल्यावर वायरीला टोंग टेस्टर लावतो. एकटा मधला एसी आठ अँपिअरच्या वर घेतोय. स्टॅबिलायझरवर येणारा होल्टेज १८८. असायला हवा २३०.

"स्टॅबिलायझर आहे ना पण?" मी विचारते.

"तो एसीला होल्टेज वाढवून देते, पण लाईनीतून अँपिअर जास्त ओढूनच देते. वरून दुसरा कॉम्प्रेसर उठायला लागला, की त्या घडीला पाचपट करंट मागते. होल्टेज पडलेला, म्हणून तो उठतच नाही, नुसता ओढत राह्यते."

मामांना उपाय सुचतो. "मग २५ ची काढ अन् ४० ची एमसीबी बसव."

वायरमन मान हलवतो. "नाही काका. एमसीबी पडते म्हणून तुमची वायर शाबूत आहे. ४० ची लावली तर ती पडणार नाही, भिंतीतली वायर जळेल. घरात लेकरू आहे." मग तो मामांच्या ओळखीचं उदाहरण काढतो. "स्प्रिंकलरला एका मोटरीवर किती नोझल लावता? जास्त लावले तर एक तरी धड फिरते काय?"

मामा गप्प होतात. शेतात पाण्याची पाळी लावणाऱ्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही.

वैशाखातला वऱ्हाडातला गारवा ही चैन नव्हे. तान्ह्या बाळाला आणि म्हाताऱ्या जिवाला तो लागतोच. पण बटण दाबलं की आपल्या वाट्याची वीज आपसूक वाढत नाही. जेवढी येते तेवढीच वाटून घ्यावी लागते, आणि पहिला वाटा ज्याला सोसवत नाही त्याचा.

तशी वाटणी होते. एसी एकच चालणार, बाळाच्या खोलीतला, २६ अंशांवर, पंखा लावून. बंद केला तर पाच मिनिटांच्या आत पुन्हा लावायचा नाही. आजीचा कूलर एक अँपिअरच घेतो, तो खुशाल चालू दे. मात्र तिची खिडकी उघडी आणि मधलं दार बंद. कूलरची ओल एसीच्या खोलीत शिरली, की ती ओढून घेण्यातच एसीची ताकद जाते. पाण्याची मोटर पहाटे. आणि उद्या मामा लोड वाढवून थ्री फेजसाठी अर्ज करणार.

रात्री दहा वाजता मामा स्वतःची गादी काखेत मारून मधल्या खोलीत येतात. पाहुणे सरकून जागा देतात. स्टॅबिलायझरवर २०८ दिसतंय. दोन एसींत विखुरलेलं घर एका खोलीत निजतं.

पहाटे पाचला नळ येतो. मी मोटरच्या बटणाकडे हात नेते, तेवढ्यात अंधारातून मामांचा दबका आवाज येतो, "थांब बाई, आधी एसी बंद करू दे." रिमोटची टिक ऐकू येते. बाळ हलत नाही. मी बटण दाबते, मोटर पहिल्याच झटक्यात पाणी उचलते.