पकड सहा वेटोळ्यांची

रात्रपाळी संपवून पिंपळे गुरवला परतणाऱ्या कामगाराच्या गाडीमागे कुत्रं लागतं, पोटरीला दात लागतात, रक्त येतं. दुसऱ्या दिवशी तो दंडावर लस घेतो आणि निर्धास्त होतो. लस हवीच, पण तिच्यामुळे शरीरात पुरेशी प्रतिपिंडं तयार व्हायला साधारण सात ते चौदा दिवस जातात. तेवढ्यात रेबीजचा विषाणू मज्जातंतूत शिरला, तर तो मेंदूकडे सरकू लागतो आणि लक्षणं दिसल्यावर रोगी वाचणं जवळपास अशक्य असतं. म्हणून रक्त आलेल्या चाव्यात तयार प्रतिपिंडं थेट जखमेत टोचावी लागतात.

प्रतिपिंड म्हणजे इंग्रजी ‘वाय’च्या आकाराचं प्रथिन. त्यात दोन जड साखळ्या आणि दोन हलक्या. खालचा दांडा एका वर्गाच्या प्रतिपिंडांत सारखाच. फरक असतो भुजांच्या टोकांना, प्रत्येक साखळीच्या पहिल्या सुमारे 110 अमिनो आम्लांत. भोसरी-चाकणच्या टर्निंग शॉपमध्ये होल्डर तोच ठेवून इन्सर्ट बदलतात, तसाच हा परिवर्ती भाग. तोही सगळीकडे सारखा बदलत नाही. 1970 मध्ये वू आणि कबाट यांनी हलक्या साखळ्यांचे क्रम एकाशेजारी एक मांडले, तेव्हा बदलांची गर्दी तीनच जागी दिसली. या जागा म्हणजे पृष्ठभागावर आलेली वेटोळी. तीन हलक्या साखळीची आणि तशीच तीन जड साखळीची. प्रत्येक भुजेच्या टोकाशी अशी सहा वेटोळी असतात आणि विषाणूला धरण्याचं काम मुख्यतः तीच करतात.

या पकडीत कायमचा रासायनिक बंध नसतो. आकार जुळतो, विरुद्ध विद्युतभार एकमेकांना ओढतात, हायड्रोजन बंध जुळतात, मधलं पाणी बाहेर सरतं. यातलं प्रत्येक बळ किरकोळ, पण एकत्र आली की पकड घट्ट. मोक्याच्या जागी एक अमिनो आम्ल बदललं तरी ती सुटू शकते.

रेबीजच्या विषाणूवर ग्लायकोप्रोटीनचे काटे असतात. त्यांच्याच आधारे तो पेशीला चिकटतो. जखमेत टोचण्यासाठी घोड्याच्या किंवा माणसाच्या रक्तातून काढलेल्या सीरममध्ये नाना प्रकारची प्रतिपिंडं मिसळलेली असतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने अमेरिकेतल्या मासबायोलॉजिक्सबरोबर विकसित केलेल्या ‘रेबीशील्ड’ या इंजेक्शनमध्ये मात्र एकच प्रतिपिंड आहे. मानवी प्रतिपिंडांची जनुकं बसवलेल्या उंदरांपासून ते मिळालं. प्रत्येक रेणूची वेटोळी तीच, काट्यावरची पकडण्याची जागाही तीच. घोड्याच्या सीरमचा डोस वजनाच्या किलोमागे 40 युनिट असतो, इथे 3.33 युनिट पुरतात. पण विषाणूने नेमकी ती जागा बदलली, तर सगळेच रेणू निष्प्रभ ठरतील. त्यामुळे विषाणूच्या वेगवेगळ्या वाणांत फारशी न बदलणारी जागा पकडणारं प्रतिपिंड निवडणं हाच या औषधातला खरा कस होता, असं मला वाटतं. दोन वेगळ्या जागा धरणाऱ्या दोन प्रतिपिंडांचं मिश्रणही आपल्या देशात उपलब्ध आहे.

एवढं तयार हत्यार हाताशी असताना ते न टोचता घरी जाणं परवडणारं नाही. कुत्रं चावलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. हळद, तिखट, चुना काही लावू नका. पिंपरीचं वायसीएम रुग्णालय असो की सांगवी फाट्याजवळचं औंध जिल्हा रुग्णालय, त्याच दिवशी गाठा. रक्त आलं असेल, तर ‘लसीबरोबर जखमेत इंजेक्शन द्यायचं का?’ हे डॉक्टरांना स्वतःहून विचारा. लसीच्या पहिल्या डोसनंतर सात दिवस उलटले की ते दिलं जात नाही.